हे नाणे कुठे चालते हो?

धनत्रयोदशी पंधरा दिवसांवर आली की सराफांच्या दुकानांवर, आणि हल्ली मोबाईलच्या पडद्यावरही, एक जाहिरात झळकू लागते. मखमलीची डबी, डबीत रुप्याचे एक वाटोळे, वाटोळ्यावर लक्ष्मी, गणपती, एखादे मंदिर नाहीतर एखादे सिंहासन; आणि खाली बारीक अक्षरांत, ‘फक्त ९९९ नग. प्रमाणपत्रासह. संग्राह्य नाणे.’ वाचक हो, माझे भांडण आहे ते या शेवटच्या शब्दाशी. रुप्याशी नाही, लक्ष्मीशी तर मुळीच नाही. त्या वाटोळ्याला ‘नाणे’ म्हणतात, त्याच्याशी आहे.

मी मॅट्रिक शिकलेला शाळामास्तर. अर्थशास्त्र मला कोणी शिकवलेले नाही. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. म्हणजे जे घडले नाही ते घडले असे सांगून पोट नाही तरी हौस भागवतो. तेव्हा कल्पिताला नावे ठेवणारा हा कोण टिकोजीराव, असे कोणी विचारील. विचारावे. माझ्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ‘कादंबरी’ असा शब्द छापलेला असतो. तो काढून तिथे ‘बखर’ असे छापले, पाने चहाच्या पाण्यात बुडवून पिवळी केली आणि हे बाड एका जुन्या वाड्याच्या माळ्यावर सापडले अशी आवई उठवून विकले, तर लोक मला लेखक म्हणणार नाहीत. दुसरे काहीतरी म्हणतील, आणि ते बरोबरच असेल.

नाणे म्हणजे नुसती धातूची चकती नव्हे. त्या चकतीमागे कोणीतरी उभा असतो. हे इतके वजन, हा इतका कस, आणि उद्या तू हे घेऊन आलास तर मी ओळख विसरणार नाही, असे तो सांगत असतो. हा कोणीतरी राजाच असला पाहिजे असेही नाही. आपल्याच मुलखात पेशवाईत खाजगी टांकसाळी होत्या. सरकार परवाना देई आणि सोनार किंवा एखादा पैसेवाला गृहस्थ टांकसाळ चालवी. न्यायमूर्ती रानड्यांनी मराठ्यांच्या टांकसाळींवर जो निबंध लिहिला, त्यात या परवान्यांची हकीकत आली आहे. वजन इतके, कस इतका, आणि खोटे पाडशील तर दंड, असा एकंदर मामला. चांदवडी रुपया, अंकुशी रुपया अशी नावे आमच्या आजोबांच्या पिढीच्या तोंडी सहज असत. सराफ त्यांवर बट्टा घेई, घासाघीस करी, शिव्या खाई. पण रुपया कोणाचा आणि कुठला, हे त्याला ठाऊक असे. तेव्हा खाजगी नाणे म्हणजे पाप, असले काही माझे म्हणणे नाही.

किंबहुना जगातली काही फार प्रामाणिक नाणी खाजगीच होती. इंग्लंडात अठराव्या शतकाच्या अखेरीस सुट्या पैशांचा असा दुष्काळ पडला की कारखानदारांना मजुरी चुकती करता येईना. सरकार तांब्याची नाणी पाडायला तयार नाही, बाजारात जी होती त्यांतली निम्मी खोटी. तेव्हा १७८७ साली वेल्समधल्या अँगलसी बेटावरच्या पॅरिस खाण कंपनीने आपल्याच खाणीच्या तांब्याचे पेनी पाडले. एका बाजूला दाढीवाला ड्रुइड पुरोहित. आणि कडेवर, होय, त्या एवढ्याशा कडेवर, कोरलेले, की लंडन, लिव्हरपूल किंवा अँगलसी येथे मागताक्षणी याचे पैसे मिळतील. खाणीतल्या मजुराच्या मुठीत पडलेले ते वचन. आपल्याकडे आसाम-सिल्हेटच्या चहाच्या मळ्यांत हजेरीचे बिल्ले चालत. दिवसाचे काम झाले की मजुराला बिल्ला मिळे आणि तो मळ्याच्या कचेरीत वटे. त्या बिल्ल्यांत माणसांची पिळवणूकही पुष्कळ होती, हे मला ठाऊक आहे. पण ते बिल्ले खरे होते. त्यांवर कोणाचा तरी घाम लागलेला होता. गिरणीच्या उपाहारगृहाचे टोकन घ्या, ट्रामचे घ्या. असले बिल्ले कोणी पैपैने जमवत असेल तर त्याच्या घरी मी आपल्या पायांनी चालत जाईन आणि चहाही मागून पिईन.

आता या गोष्टीचा पुढचा भाग ऐका, कारण रोग तिथेच सुरू होतो. इंग्लंडातल्या त्या बिल्ल्यांचा लोकांना छंद जडला. यादी हवी, म्हणून जेम्स कॉन्डर नावाच्या गृहस्थाने १७९८ साली सूचीच छापली. जमवणारे आहेत म्हटल्यावर पाडणारे निघाले. स्किडमोरसारख्या व्यापाऱ्यांनी लंडनच्या इमारतींची चित्रे घालून मालिकाच काढल्या. त्या कुठल्या मजुराला द्यायच्या नव्हत्या, कपाटात ठेवायच्या होत्या. पुढे तर एका बिल्ल्याचा पुढचा ठसा आणि दुसऱ्याच बिल्ल्याचा मागचा ठसा असे जोडून ‘दुर्मिळ’ प्रकार तयार होऊ लागले. घोडा आणि गाढव यांच्या संकराला आपण खेचर म्हणतो; नाण्यांच्या अभ्यासकांनी या जोडनाण्यांना तेच नाव दिले. म्हणजे ही युक्ती आजची नाही, सव्वादोनशे वर्षांची आहे. दुर्मिळपणा काळाने यावा लागतो. हजारो नाणी वितळली, हरवली, नदीत पडली, आणि त्यातून चार उरली, तर ती दुर्मिळ. चारच पाडली आणि पाचवे पाडले नाही, याला दुर्मिळपणा कसे म्हणावे? मी माझ्या कादंबरीच्या चारच प्रती छापल्या तर ती दुर्मिळ होईल. वाचनीय होईल की नाही, हा प्रश्न निराळा.

त्यातही ‘मर्यादित संख्या’ हा शब्द केवढा लबाड आहे पाहा. अमेरिकेत १९६४ साली फ्रँकलिन मिंट नावाची खाजगी टांकसाळ निघाली. तिने मालिकांमागून मालिका विकल्या, आणि कित्येक मालिकांची मर्यादा काय होती? अमुक तारखेपर्यंत जितके लोक पैसे पाठवतील तितके नग! म्हणजे दरवाजा बंद करायची वेळ ठरलेली, आत किती जण शिरले याला बंधन नाही. १९८० च्या जानेवारीत चांदीचा भाव औंसाला ५० डॉलरच्या घरात गेला, तेव्हा त्यांतली पुष्कळ पदके लोकांनी सरळ मुशीत घातली. संग्राह्य म्हणून घेतलेली वस्तू शेवटी वितळवण्याच्या भावाने गेली. नशीब, निदान चांदी तरी खरी होती.

खऱ्या-खोट्याचा हा घोळ कायद्याने कसा हाताळला, त्याची एक गंमत सांगतो. इंग्लंडच्या पश्चिमेला ब्रिस्टलच्या खाडीत लंडी नावाचे एक चिमुकले बेट आहे. ते १९२५ साली मार्टिन कोल्स हार्मन या लंडनच्या धनिकाने विकत घेतले. १९२९ साली त्याने स्वतःची नाणी पाडून घेतली, एक ‘पफिन’ आणि अर्धा ‘पफिन’, प्रत्येकी ५०,०००. एका बाजूला हार्मनचे तोंड, दुसऱ्या बाजूला त्या बेटावरचा पफिन नावाचा पक्षी. पेनी आणि अर्ध्या पेनीच्या भावाने ती बेटावर चालत. सरकारने खटला भरला, १८७० च्या नाणे कायद्याखाली पाच पौंड दंड केला, अपील केले तेही १९३१ साली फेटाळले गेले. मग १९६५ साली त्याच पफिनची नवी नाणी निघाली. ती बेटावर चालायची नव्हतीच, जमवणाऱ्यांना विकायची होती. ती विकली गेली. ज्या नाण्याने खरोखर बिअरचा पेला मिळत होता त्याला दंड. आणि ज्याने काहीच मिळत नव्हते ते सुखाने डबीत!

आपल्याकडचा कायदाही असाच. खाजगी माणसाने पैसा म्हणून वापरण्यासाठी धातूचे तुकडे पाडू नयेत, असा कायदा १८८९ साली झाला; आता २०११ चा नाणे कायदा तेच सांगतो. मग जाहिरातीतला कारखानदार सुटतो कसा? तर हा पैसा नव्हेच, असे त्याचे म्हणणे. कायद्यापुढे ते पदक, गिऱ्हाइकापुढे ते नाणे. वकिलाला एक सांगायचे, विधवा काकूंना दुसरे सांगायचे. माझा राग या दुतोंडीपणावर आहे, दुसऱ्या कशावर नाही.

परदेशी नमुने तर विचारूच नका. ऑस्ट्रेलियातल्या एका शेतकऱ्याने गव्हाच्या कोट्यावरून सरकारशी भांडण करून १९७० साली आपल्या शेताचेच ‘हट रिव्हर’ नावाचे संस्थान जाहीर केले आणि पुढे नाणी काढली. तो २०१९ साली वारला, संस्थान २०२० साली आटोपले, नाणी अजून बाजारात फिरताहेत. पॅसिफिक महासागरात नियुए नावाचे बेट आहे, वस्ती दोन हजारांच्या आत, व्यवहार न्यूझीलंडच्या डॉलरमध्ये. आणि त्याच्या नावाने आकाशयुद्धाच्या सिनेमांतली पात्रे घातलेली चांदीची नाणी जगभर विकली जातात. कायदेशीर आहेत, हो. पण नियुएच्या वाण्याकडे जाऊन कोणी त्यांवर कांदे घेतले असतील असे मला वाटत नाही.

आपले सरकारही याला अपवाद नाही, हे लिहिले नाही तर मी पक्षपाती ठरेन. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराला हजार वर्षे झाली म्हणून २०१० सालचे हजार रुपयांचे नाणे निघाले. सुंदर आहे. पण दर्शनी किमतीपेक्षा अधिक पैसे मोजून जे घ्यायचे, ते बसच्या कंडक्टरच्या हातावर कोण ठेवील? त्यापेक्षा मला १९९९ सालचे शिवछत्रपतींचे दोन रुपयांचे नाणे प्यारे. ते भाजीवालीच्या गोणपाटाखाली होते, देवळाच्या पेटीत होते, पोरांच्या खिशात बोरांबरोबर होते. महाराजांची तांब्याची शिवराईदेखील अशीच खेडोपाडी झिजली. अजूनही झिजलेली शिवराई थोडक्या पैशांत मिळते, आणि तिच्या शेजारच्याच टेबलावर नव्याने ओतलेला चकचकीत ‘होन’ मखमलीवर बसून तिच्या कित्येक पट भाव खातो!

आमच्या गावात टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक अण्णा आहेत. माझे स्नेही. त्यांच्या कपाटात अशी साठ-सत्तर वाटोळी आहेत, प्रत्येकाखाली प्रमाणपत्र. एक दिवस त्यांनी मला एक दाखवले आणि अभिमानाने म्हणाले, “मास्तर, हे एक हजारातले सातशे बारावे.”

मी म्हटले, “अण्णा, सातशे अकरावे आणि सातशे तेरावे कोणाकडे आहे, ते ठाऊक आहे का?”

“ते कशाला हवे?”

“मग हजारच पाडली, हे तरी कशावरून?”

अण्णा हसले. “तुम्ही फार संशयी. अहो, मला ते बघायला आवडते. एवढे कोरीव काम हल्ली होते कुठे?”

यावर मी गप्प बसलो, कारण यात खोटे काही नव्हते. चांगले कोरीव काम आवडणे हा गुन्हा नाही. एखाद्या कलावंताने आपले पदक करावे, त्याखाली आपले नाव आणि साल घालावे, रसिकाने ते घ्यावे. अण्णांनी पेन्शनीतून हौस करावी. त्यांची मुले मिळवती आहेत. ‘छंद आहे, कोणाचे काय जाते?’ हे वाक्य अण्णांच्या तोंडी शोभते. ते विकणाऱ्याच्या तोंडी आले की मात्र माझ्या अंगाचा तिळपापड होतो. कोणाचे काय जाते, ते मी पाहिले आहे.

आमच्या नववीच्या वर्गातला एक मुलगा एकदा लाल फडक्यात गुंडाळलेले तांब्याचे नाणे घेऊन आला. एका बाजूला राम, सीता, लक्ष्मण आणि पायाशी मारुती. दुसऱ्या बाजूला इंग्रजीत ईस्ट इंडिया कंपनी, १८१८, ‘युकेएल’ आणि एक आणा. असली नाणी वाचकांनीही पाहिली असतील. १६१६ ची असतात, १७१७ ची असतात. जत्रेत, फुटपाथवर, जुन्या बाजारात ढिगाने मिळतात. मुलगा म्हणाला, “सर, हे तांदूळ ओढतं. बाबांनी पाच हजाराला घेतलं. परदेशातली कंपनी कोटी रुपये देणार आहे.”

मी इतिहासाचा तास तसाच पुढे चालवला. १८१८ साली काय झाले? सगळा वर्ग ओरडला, पेशवाई बुडाली. कंपनीने एकसारखी नाणी केव्हा सुरू केली? १८३५. त्यांत तांब्याचा एक आणा होता का? नव्हता, पाव आणा होता, अर्धा आणा होता, एक आण्याचे नाणे आले ते पार विसाव्या शतकात, सातव्या एडवर्डच्या राज्यात. मुंबई इलाख्यात कंपनीचा खरा तांब्याचा पैसा कसा होता? एका अंगाला कंपनीच्या गठ्ठ्यावरची खूण, दुसऱ्या अंगाला तराजू आणि फारसीत ‘अदल’, म्हणजे न्याय. आणि ज्यांच्यावर १६१६ साल घातलेले असते, त्या साली कंपनी काय करत होती? इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो तिच्यासाठी जहांगीराच्या दरबारात व्यापाराच्या सवलती मागत उभा होता. ज्यांना वखारीपुरती जागा मागावी लागत होती ते रामपंचायतनाची नाणी पाडत बसले होते काय? पोरे हसली. तो मुलगा हसला नाही.

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. वडील ओसरीवर बसले होते. पाच हजार हा नुसता विसार होता, हे तिथे कळले. नाण्याची ‘तपासणी’ करायला शास्त्रज्ञ येणार, त्याचा पोशाख, त्याचे रसायन, त्याचा खर्च म्हणून आणखी चाळीस हजार गेले होते. दावणीला दोन खुंट्या मोकळ्या दिसत होत्या.

मी म्हटले, “दादा, तांदळाला लोखंडाचा कीस चोळला आणि चकतीमागे लोहचुंबक दडवले की कुठलीही चकती तांदूळ ओढते. उद्या शाळेत या, प्रयोगाच्या खोलीत करून दाखवतो.”

ते म्हणाले, “गुरुजी, त्यावर देव आहे. देवाचं नाणं खोटं कसं असंल?”

काय उत्तर द्यावे? रामाचे नाव असलेली खरी नाणी झाली आहेत. अकबरानेच आपल्या अखेरच्या वर्षांत राम-सीतेची मुद्रा घातलेले नाणे काढले होते. दक्षिणेत रामटंके देवघरांत पुजले जात आले आहेत, आणि पूजेपुरते कोणी पितळेचा रामटंका ठेवला तर त्याला मी वंदनच करीन. पण या चकतीवर राम भक्तीसाठी कोरलेला नाही. गिऱ्हाइकाने प्रश्न विचारू नये म्हणून कोरलेला आहे. मारुतीला पहाऱ्यावर बसवून ज्यांनी दोन जनावरांचे पैसे पळवले, त्यांचा काही पत्ता लागला नाही. ते दुसऱ्या दिवशी शाळेत आले नाहीत. मुलगा आला, पण पुढे कित्येक दिवस तो इतिहासाच्या तासाला मागच्या बाकावर बसत असे.

अण्णांच्या डबीतले रुपे आणि त्या ओसरीवरचे तांबे यांत काही नाते नाही, असे शहरातले लोक म्हणतील. एक कलाकुसर, दुसरी फसवणूक. मला विचाराल तर दोहोंची आई एकच. न पाडलेल्या सालाचे, न झालेल्या राज्याचे, न चाललेल्या किमतीचे नाणे पाडायला हरकत नाही, असे एकदा सभ्य माणसांनी मान्य केले, की मग त्यातून पैसे काढायला असभ्य माणसे येतातच. अमेरिकेत १९७३ साली कायदा झाला की जुन्या नाण्याची नक्कल पाडायची असेल तर तिच्यावर ‘नक्कल’ हा शब्द धातूतच उमटवला पाहिजे. प्रमाणपत्रावर नव्हे, डबीवर नव्हे; धातूत. मी तेवढेच मागतो आहे. कल्पित असेल तर ‘कल्पित’ असे लिहा, पाडणाऱ्याचे नाव घाला, आणि खरोखर ज्या साली पाडले ते साल घाला. एवढे करून ज्याला घ्यायचे त्याने खुशाल घ्यावे. हे लिहिल्यावर विक्री निम्म्यावर येईल, अशी तक्रार जे करतील त्यांनी ती जरूर करावी. विकत काय होते, ते त्यांच्याच तोंडून कळेल.

दिवाळीपुरती एक कामाची गोष्ट. पुष्कळ घरांत लक्ष्मीपूजनाला राणीछाप रुपया लागतो, आणि हल्ली त्याच्याही नकला सराफांकडे मिळतात. व्हिक्टोरियाचा खरा रुपया ११.६६ ग्रॅम भरतो, म्हणजे बरोबर एक तोळा. बारा भागांत अकरा भाग चांदी. कडेला बारीक, सारखे दाते. वजन करून घ्यावे. नक्कल घ्यायची असेल तर चांदीच्या भावाने घ्यावी, राणीच्या भावाने घेऊ नये. आजीच्या बटव्यातला झिजलेला एखादा असेल तर उत्तमच. तो कोणाच्या तरी पगाराचा, कोणाच्या तरी हुंड्याचा, कोणाच्या तरी औषधाचा रुपया होता.

गेल्या आठवड्यात तालुक्याच्या गावी एका दुकानात मी उभा राहिलो. काचेखाली तेच, ९९९ नग. मी म्हटले, हे कोणी पाडले, केव्हा पाडले, आणि पुढच्या दिवाळीला परत आणले तर तुम्ही किती द्याल, एवढे तीन मुद्दे पावतीवर लिहून सही करून द्या. मी आत्ता घेतो. शेठजींनी माझ्याकडे पाहिले, मग काचेकडे पाहिले, आणि पोराला हाक मारून म्हणाले, “मास्तरांना चहा सांग रे.”